कोरमच्या मॅडम

यंदाही जून आला आणि माझं डोकं फिरलं. ते दरवर्षी फिरतं. जळगावचा मे महिना माणसाला भाजून काढतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ऊन निदान सगळ्यांना सारखं भाजतं. माझा राग जूनवर आहे. जून उजाडला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर ‘पाहिजेत’ उगवायला लागतं. बारीक टाइपात, कोपऱ्यातल्या चौकटीत, चष्मा लावूनही पटकन दिसू नये अशा ठिकाणी. प्राध्यापक पाहिजेत. तासिका तत्त्वावर पाहिजेत. मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने हजर राहावे. मग आमच्यासारखी माणसं फायलींवरची धूळ झटकतात, साडीला इस्त्री करतात, आणि ज्या वर्गात एप्रिलपर्यंत शिकवलं त्याच वर्गात शिकवायला आपण लायक आहोत का, हे सांगायला त्याच माणसांसमोर जाऊन बसतात.

बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. हसू नका. मी जळगावच्या एका कॉलेजात तासाप्रमाणे भूगोल शिकवते. जितके तास तितकं मानधन, सुट्टी लागली की घरी बसा, आणि दर जूनला नव्याने मुलाखत. आमचे प्राचार्य संक्रांतीला सहकुटुंब माझ्या घरी येतात, तिळगूळ घेतात, माझ्या सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करतात. तेच गृहस्थ जूनमध्ये टेबलापलीकडे बसून चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, आपला परिचय द्या. मी देते. काय करणार? नाव, गाव, शिक्षण, अनुभव. एका वर्षी अगदी जिभेवर आलं होतं, की सर, मिसेसचा गुडघा आता कसा आहे? पण गिळलं. जूनमध्ये फार गिळावं लागतं.

आणि वरून सल्ले. मोबाइल उघडला की कोणीतरी टाय लावलेला पोरगा मला मुलाखत कशी द्यायची ते शिकवतो. आत जाताना मंद हसा. पाठ ताठ ठेवा. स्वतःची एक उणीव सांगा, पण अशी सांगा की ती गुणच वाटली पाहिजे. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? अरे बाबा, मी पाच वर्षांनी स्वतःला ह्याच व्हरांड्यात, ह्याच डुगडुगत्या बाकावर बघते, आणि पाच वर्षांपूर्वीही तिथेच बघत होते. त्या पोराला एकदा आमच्याकडे आणून उन्हात उभं केलं पाहिजे. त्याच्या मंद हसण्याचं काय होतं ते मला बघायचंय.

आमच्याकडची तयारी निराळी असते, आणि ती कोणी शिकवत नाही. एखाद्या संस्थेत जागा निघते तेव्हा ती कोणाची, हे बऱ्याचदा जाहिरातीच्या आधीच ठरलेलं असतं. सगळीकडे नसेल. मी जिथे जिथे गेले तिथे बहुतेक होतं. पण एकाच माणसाची मुलाखत घेतली तर ते बरं दिसत नाही, उद्या वरून कोणी विचारलं तर पंचाईत. समोर आणखी दोघं-तिघं बसलेले लागतात. ह्याला आमच्यात कोरम म्हणतात. आणि गंमत अशी, की ज्याची जागा ठरलेली असते तोच कोरम जमवतो. मॅडम, त्या दिवशी मोकळ्या आहात ना? गाडी पाठवतो. जेवण आमच्याकडेच. लग्नाच्या आमंत्रणासारखा आवाज असतो. आणि माणसं जातात हो. उद्या आपलं जमलं तर आपल्या कोरमला कोण येणार, ह्या धाकाने जातात.

धुळ्याचे भटू सर ह्यात पार मुरलेले. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कोरमला जाऊन त्यांना जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या संस्थाचालकांच्या घरची चव पाठ झालीय. कोणाकडची बट्टी कच्ची, कोणाकडे वरणात हात आखडतात, सगळं. मी पहिल्यांदा कोरमला गेले तेव्हा त्यांनीच मला गाडीत शिस्त शिकवली. साडी साधी नेसायची. शोधनिबंधांची फाईल घरी ठेवायची. एकदोन प्रश्नांना ‘आठवत नाही सर’ म्हणायचं आणि पुढच्याचं उत्तर अर्धं द्यायचं, कारण अगदीच काही आलं नाही तर ते सोंग वाटतं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, की हा माणूस इतका हुशार आहे, इतकं बारीक बघतो, आणि ही सगळी अक्कल त्याला मूर्ख दिसण्यासाठी खर्च करावी लागतेय. तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

तर ते एक वर्ष. दोंडाईच्याच्या पुढे, शिंदखेडा तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोलाची कायम जागा निघाली. तासावरची नव्हे, कायम. कित्येक वर्षांत आमच्या विषयाची अशी जागा दोन्ही जिल्ह्यांत निघाली नव्हती. माझं वय सरकत चाललं होतं, पुढची जागा कधी निघेल ते देवाला ठाऊक. मी कोणाला न सांगता अर्ज केला. कोणाच्या कोरमसाठी नव्हे, स्वतःसाठी. मला ती जागा पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की दुकानात भाजी निवडतानासुद्धा मी मनातल्या मनात त्या गावात खोली बघत असायची.

त्या मेमध्ये मी जेवढा अभ्यास केला तेवढा एम.ए.ला केला नव्हता. दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा नसायचं. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, गळ्याभोवती भिजवलेला पंचा, आणि पुस्तकाच्या पानांवर घामाची बोटं. खडकांची नावं मी पोळ्या लाटताना पुटपुटायची. संध्याकाळी नवरा एमआयडीसीतून आला, हातपाय धुतले, की त्याला खुर्चीत बसवायची आणि म्हणायची, विचार. त्याला भूगोलातलं ओ की ठो कळत नाही. पुस्तकातला प्रश्न वाचायचा आणि उत्तर ऐकता ऐकता पेंगायचा. पण एकदा पेंगता पेंगता तो म्हणाला, की तू उत्तर देताना माफी मागितल्यासारखी का बोलतेस? मला राग आला. मग रात्रभर... नाही, रात्रभर वगैरे काही नाही, मी सरळ झोपले. पण सकाळी आरशासमोर उभी राहिले तर खरंच, मी वाक्याच्या शेवटी मान खाली घालत होते. इतकी वर्षं दर जूनला तासांची भीक मागून मान आपोआप खाली जायला लागली होती. ती वर ठेवायला मी त्या मेमध्ये शिकले. माझी खरी तयारी तेवढीच.

आणि मग फोन आला. हर्षल सरांचा. हे त्याच संस्थेच्या अध्यक्षांचे भाचेजावई, आणि अध्यक्षांना सगळा तालुका नाना म्हणतो. हर्षल सरांचा आवाज इतका मऊ, इतका आपलेपणाचा. म्हणाले, “मॅडम, तुमचा अर्ज बघितला. फार उपकार झाले. मी फोन करणारच होतो, तुम्ही तर न सांगताच कोरमला उभ्या राहिल्या.”

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाच्या डोक्यात एक क्षणसुद्धा आलं नाही, की ही बाई स्वतःसाठी अर्ज करू शकते. अपमान करायचा म्हणून त्याने केला असता तरी चाललं असतं. त्याला तो करतोय हेच ठाऊक नव्हतं. मला तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं नाही. नानांची ऊठबस आमच्या जळगावच्या संस्थेतही, एक शब्द गेला असता की माझे तास दुसऱ्याला. मी म्हटलं, बरं सर, येते.

गाडी आली. पारोळ्याच्या पुढे शेतं तापून पांढरी पडलेली, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, सरकी मातीत टोबून ठेवलेली आणि लोक आभाळाकडे बघत बसलेले. धुळ्याला भटू सर चढले. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष माझ्या नव्या साडीकडे गेलं, मग मांडीवरच्या जाड फायलीकडे. हळूच म्हणाले, “ताई, फाईल कसाले लई उनी?” का आणलीस म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना कळलं. उतरताना त्यांनी माझी फाईल हातात घेतली, तिच्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली आणि परत दिली.

आत आधी हर्षल सर गेले. घामाघूम होऊन बाहेर आले, म्हणाले, बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ फार खडूस आहेत. मग भटू सर गेले आणि शिस्तीत, ठरल्याप्रमाणे नापास होऊन आले. मग मी.

मधोमध नाना, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. बाजूला प्राचार्य आणि संस्थेचे दोघं. टोकाला ते तज्ज्ञ, वाळके, वैतागलेले, घड्याळाकडे बघणारे. नानांनी परिचय विचारला. मी दिला, मान वर ठेवून. तज्ज्ञांनी माझ्या फायलीची पानं चाळली, रावेर-सावद्याकडचं माझं माहेर वाचलं, आणि म्हणाले, “तापी तिकडेही आहे आणि इथेही आहे. मग केळी तिकडेच का? इथे का नाही?”

आता सांगा. आठवत नाही म्हणू? माझे आबा केळीचे शेतकरी. सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याशी आले की दगडगोट्यांत गडप होतात, हे मी परकर घालायच्या वयापासून बघितलंय. वर वाहतं पाणी, पुढे कोरडं पात्र, आणि खाली विहिरी भरलेल्या. मी सांगायला लागले. डोंगराने आणून टाकलेला तो गोट्यांचा पट्टा, त्याच्यात मुरणारं पाणी, त्याच्यावरचा खोल गाळ. आणि इथे डोंगर लांब पडलेला, पाऊस कमी, कातळावर मातीचा पातळ थर, आणि जमिनीतून उभ्या गेलेल्या काळ्या दगडी भिंती, ज्या पाण्याला आडव्या येतात. नदी तीच, पण नदी म्हणजे पाणी नव्हे. मग मी तेही सांगितलं जे पुस्तकात नव्हतं, की आता आमच्या विहिरीही खोल चालल्यात, आणि आपण भरायचं सोडून नुसतं उपसलं तर रावेरचं शिंदखेडा व्हायला वेळ लागणार नाही. तज्ज्ञ घड्याळाकडे बघायचे थांबले होते. पुढे सरकून बसले होते. त्यांनी उलटसुलट विचारलं, मी उत्तरं दिली, एका ठिकाणी चक्क वादही घातला. इतक्या वर्षांत टेबलापलीकडचा माणूस माझं ऐकत होता. काय सांगू, कसं वाटलं ते. असं वाटलं, की हा बाहेरचा माणूस आहे, नानांचा मिंधा नाही, हा सगळा डाव उधळू शकतो. बाहेर येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

जेवण हर्षल सरांच्या घरी, कॉलेजच्या मागेच. सगळे तिकडे निघाले. अंगणातल्या नळावर हात धुताना तज्ज्ञ माझ्या शेजारी आले. चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, “तुमच्या आधीच्या दोघांना ऐकून मी सही करणारच नव्हतो. फेरजाहिरात द्या म्हणणार होतो. तुम्ही आलात, बरं वाटलं. माझ्याकडून सर्वांत जास्त गुण तुम्हाला दिले.”

मी विचारलं, मग?

“मग बाकीच्यांचेही गुण असतात ना. बेरीज त्या पहिल्या उमेदवाराची जास्त झाली. पण तुम्हाला प्रतीक्षा यादीत पहिलं ठेवलंय. माझं मन आता साफ आहे.” आणि त्यांनी टॉवेलला हात पुसले.

मी तशीच उभी. नळ चालू. म्हणजे मी भटू सरांची शिस्त पाळली असती, मूर्खासारखी बसून ‘आठवत नाही सर’ म्हटलं असतं, तर ती मुलाखत मोडली असती आणि जागा पुन्हा मोकळी झाली असती. मी जीव ओतून बोलले, आणि त्या बोलण्याने त्यांचंच काम झालं. मी इतकी चांगली ठरले की माझ्यापुढे निवडून येणारा माणूस आपोआप खरा ठरला. तेवढ्यात नाना आले, माझ्याकडे बघून मनापासून हसले, म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळे आज मुलाखतीला दर्जा आला. कौतुकच करत होते. त्यांना मी टोमणा मारला असता तरी कळला नसता.

मला पश्चात्ताप नाही, हे आधी सांगते. तोच प्रश्न पुन्हा आला तर मी तेच उत्तर देईन, जास्तच देईन. पण त्या दिवसापासून माझी ख्याती झाली. आता जून लागला की फोन येतात, धुळ्याहून, चोपड्याहून, कुठून कुठून. मॅडम, तुम्ही आलात की मुलाखत मुलाखतीसारखी वाटते. म्हणे, तुमच्यासारखं बोलणारं कोणी नाही. माझं तोंड किती चांगलं आहे ते मी आता त्यांना फोनवरच दाखवते. परवा एकाला असं झापलं की त्याने फोन ठेवताना सॉरी ताई म्हटलं. तरी पाठीमागे मला ‘कोरमच्या मॅडम’ म्हणतात, हे भटू सरांनीच सांगितलं. ते स्वतः आता शिकवणं सोडून धुळ्यात मोटारींच्या बॅटऱ्या विकतात आणि म्हणतात, इथे निदान बॅटरी चार्ज आहे का तेवढंच विचारतात.

जाऊ दे. त्या दिवसाचं सगळं मी पचवलं, एक सोडून.

पुरुष हॉलमध्ये पंगतीला बसले. मी एकटीच बाई, म्हणून मला आत स्वयंपाकघरात नेलं. मागच्या पडवीत चूल पेटलेली, तिच्यावर पालथं खापर, आणि हर्षल सरांच्या आई हातावर मांडा फिरवत होत्या. पुरण भरलेली ती पोळी कोपरापर्यंत पसरायची, मग अलगद खापरावर टाकायची. घामाने चेहरा चमकत होता, बांगड्या वर सरकवलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत होते. मला पाटावर बसवलं, वाटीत आंब्याचा रस दिला. बाहेरून एक पोरगी ताट घेऊन आली, नानांसाठी मांडा द्या म्हणाली. अक्कांनी पहिला मांडा खापरावरून उतरवला, त्याची घडी घातली, त्याच्यावर तूप सोडलं, आणि तो माझ्या ताटात ठेवला. पोरगी बघत राहिली. अक्का तिला म्हणाल्या, थांब जरा, दुसरा होतोय.

मला वाटलं, लांबून आलेली बाई, म्हणून मान दिला.

माझा हात ताटाला लागत नव्हता. अक्का हातावरचा मांडा फिरवता फिरवता अहिराणीत बोलत होत्या, की तू फार छान बोललीस म्हणे, हर्षल सांगत होता, मी सगळं ऐकलं. त्या इतक्या प्रेमाने बोलत होत्या की मला राहवेना. दिवसभर ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, आणि चुलीपुढे घामेजलेल्या त्या बाईला सांगितलं.

“अक्का, ही जागा माझी होती.”

त्यांचे हात थांबले नाहीत. मांडा खापरावर पडला, फुगला. त्यांनी त्याच्या कडा बोटांनी सारख्या केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माहीत शे मले, माय. म्हनीसन तं पहिला मांडा मी तुले दिधा.”

नानांवर मला रागावता येतं. हर्षलवर येतं, साफ मनाच्या त्या तज्ज्ञांवर तर झोपेतही येतं. त्यांच्यापैकी कोणालाच आपण कोणाचं काय घेतलं ते कळलं नव्हतं, किंवा न कळल्याचं सोंग त्यांनी छान वठवलं. हिला सगळं कळलं होतं. कळून तिने चूल पेटवली, पुरण शिजवलं, आणि माझा वाटा म्हणून मला जेवायला वाढलं. आणि मी जेवले. पोटभर जेवले, दुसरा मांडाही घेतला, आणि निघताना तिच्या पाया पडले. ह्याचा राग कोणावर काढायचा, ते मला अजून कळत नाही.